नदीकडची बाजू

आबामामांनी उभ्या आयुष्यात माणसाला कधी 'अहो' म्हटलं नाही. सरपंच असो, कारखान्याचा चेअरमन असो, नाहीतर आमच्या घरचा नवा जावई असो, सगळ्यांना सरसकट 'काय रं'. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस तिथे साहेबांशी कसा बोलत असेल, याची आम्हा भाचरांना फार उत्सुकता असायची. पण बांधावर मुंगूस आडवं आलं की हेच मामा थबकायचे, बाजूला सरायचे आणि म्हणायचे, "जावा, जावा, तुमी फुडं व्हा." एकदा मामी वैतागून म्हणाली, "मला जलमात कवा एवढ्या मानानं बोलला न्हाईसा." मामा शांतपणे म्हणाले, "माणसाला मान दिला की त्ये डोक्यावर बसतंय. ही बसत न्हाईत." त्या दिवशी मामांच्या ताटात भाकरी पडली, पण सोबत कालवण-कोरड्यास काही पडलं नाही.

त्यांचं रान कृष्णेच्या काठाला लागून होतं. ऊस संपला की पुढे पाण्यापर्यंत करंज, वाळुंज आणि बाभळींची दाट झाडी. भाऊबंदांनी आपापली झाडी कधीच काढून पार नदीपर्यंत ऊस नेला होता. मामांनी कुऱ्हाड लावू दिली नाही, कारण काठाच्या मुळ्यांखाली पाणमांजरांचं बीळ होतं. सकाळी चहाचा पेला घेऊन मामा तिथे जाऊन बसायचे. आधी पाण्यात चपटी डोकी दिसायची, मग सगळं कुटुंब वाळूवर येऊन ओल्या अंगानं लोळायचं. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढायची. मासा खाताना त्यांचा असा कुरुमकुरुम आवाज यायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. लहानपणी मी एकदा खुदकन हसले तर मामा डाफरले, "गप की गं! मंडळी जेवाय बसल्यात."

ऊसतोडीची त्यांची स्वतःची रीत होती आणि तिच्यापायी टोळीचा मुकादम दर हंगामात डोकं धरून बसायचा. तोड रस्त्याच्या बाजूनं सुरू करायची आणि नदीकडे सरकत जायचं. शेवटचा पट्टा त्या दिवशी तोडायचा नाही, रातभर उभा ठेवायचा. उसात आसऱ्याला आलेली रानमांजरं, मुंगसं, ससे, सगळी माणसांच्या पुढे पुढे सरकत त्या पट्ट्यात गोळा व्हायची आणि अंधार पडला की झाडीत उतरायची. मुकादम म्हणायचा, "आबा, एवढ्याशा तुकड्यासाठी उद्या परत गाडी आणू का?" मामांचं उत्तर ठरलेलं, "आन. घरात बाळंतीण हाय. तिला बिऱ्हाड हलवाय येळ नगं व्हय?" वाळलेलं पाचट जळून जावं म्हणून इतरांसारखा ऊस पेटवून तोडायला तर त्यांनी कधीच परवानगी दिली नाही.

माझा मामेभाऊ प्रकाश, मामांचा एकुलता एक मुलगा, स्वभावानं वाईट नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. ती झाडी त्याच्या डोळ्यांत खुपत होती. तिथे पोकलेन लावायचा, सपाट करायचं, ऊस लावायचा, हे त्याचं कॉलेजात असल्यापासूनचं स्वप्न. "आबा, जनावरांचं लाड बास करा आता," तो म्हणायचा. मामा म्हणायचे, "मी हाय तवर न्हाई. माझ्या मागनं काय करायचं त्ये कर." बापाची यापेक्षा मोठी विनंती काय असू शकते, मला माहीत नाही.

मग मामांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन मिरजेत झालं आणि धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे ते तिथेच माझ्या घरी राहिले. त्याच दिवसांत गावी शेजारच्या रानात तोड चालू असताना टोळीतल्या एका बाईला पाचटात पिल्लं दिसली. मातकट पिवळं अंग आणि त्यावर पुसट पट्टे. कुणीतरी फोटो काढला, 'बिबट्याची पिल्लं' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि गावाची पाचावर धारण बसली. भीती अगदीच खोटी होती असं नाही. आमच्याकडे उसात बिबट्या येतो, शेळ्या-कुत्री नेतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ही पिल्लं रानमांजराची होती. माणसं बाजूला होताच आईनं एकेक पिल्लू तोंडात धरून मामांच्या उसात नेलं आणि 'मादी आबाच्या उसात शिरली' अशी हाकाटी झाली. वनखात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. तेवढा दम कुणाला होता?

संध्याकाळी माझ्या फोनवर गावाकडून एक व्हिडिओ आला. मामा काळा चष्मा लावून शेजारीच पलंगावर बसले होते. मी व्हिडिओ सुरू केला आणि खोलीत फटाक्यांच्या माळेसारखा तडतडाट झाला. मामांनी मान वर केली. "ऊस पेटलाय. कुणाचा गं?" मी आवाज बंद करायच्या आत त्या तडतडाटातून प्रकाश ओरडला, "चारी बाजूनं लावा रं! नदीकडनंबी लावा! सुटाय न्हाई पायजे!"

मामांनी फोनच्या दिशेनं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "नदीकडनंबी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला, राखेतून मिळालं ते त्यानं पाहिलं आणि ही रानमांजरं आहेत, बिबट्याचा इथे ठसाही नाही, असं सांगून गेला. झाडी पाण्यापर्यंत जळली होती. पाणमांजरांच्या बिळाचं तोंड ढासळून बुजलं होतं. प्रकाशनं फोन केला. म्हणाला, "पण आबा, खरंच बिबट्या आसता तर?" मामा म्हणाले, "आसता तर तू काडी घिऊन जवळ गेला आसतास व्हय रं?" आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्यांना गावी सोडायला गेले. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता, 'गावाला बिबट्याच्या दहशतीतून सोडवणाऱ्या वाघांचे हार्दिक अभिनंदन'. बिबट्या नव्हता हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं, पण फ्लेक्स आधीच छापून झाला होता, मग लावला. वाघांच्या रांगेत मधोमध गॉगल घातलेला प्रकाश. मामांनी गाडी थांबवायला सांगितली, काच खाली केली आणि अक्षर न् अक्षर वाचलं. मग म्हणाले, "लय झ्याक दिसाय लागलंय गं. उगंच केलं आप्रेशन."

त्यानंतर ते नदीकडे फिरकले नाहीत. पाणमांजरं वरच्या अंगाला गेली असं कुणी म्हणे, कुणी म्हणे मेली. परत ती कुणाला दिसली नाहीत एवढं खरं. प्रकाशनं पोकलेन आणला, जळकी खोडं उपटली, नदीपर्यंत ऊस लावला. बाप जिवंत होता, ओसरीवर बसलेला होता, पण त्यानं ब्र काढला नाही आणि प्रकाशनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. मी भाऊबीजेला जाणं बंद केलं. मामा गेले त्यालाही आता वर्ष होईल, पण माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मामांना मी शेवटचं भेटले ते त्यांच्या अखेरच्या हंगामात. टोळी तीच होती, मुकादमही तोच. दिवेलागणीला तो ओसरीपाशी आला, डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, नदीकडचा पट्टा ठेवलाय उभा. उद्या गाडी आणून नेतो." त्याला कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं.

मामा तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "आजच तोड रं. आता तितं कोन ऱ्हात न्हाई."