आत्याचा आखूड रॉड

नवख्या माणसानं चहाचा कप दिला, की थोरली आत्या मुद्दाम डावा हात पुढे करायची. त्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं उरली होती. बाकीची कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. समोरचा चपापला की म्हणायची, "बघून घ्या नीट. मग बोलू."

दौंडच्या अलीकडे, भीमेकाठी तिचं शेत. अपघातानंतर घरच्यांनी तिला जपायला सुरुवात केली आणि तिला राग होता तो त्याचाच. सून हातातली बादली काढून घ्यायची. मुलगा बाळू म्हणायचा, "आई, तू बस." "बसायला मी काय देव्हाऱ्यातला टाक हाय व्हय?" असं म्हणत ती गळ उचलून नदीवर जायची. धनगराच्या बाईनं मासे धरत बसावं, हे भावकीला रुचत नव्हतं. घरी यायला मागची वाट होती. पण आत्या मासे हातात लटकवून भर पारावरून यायची.

नदी मात्र तिला पुरत नव्हती. तिच्या लहानपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली, की आजोबांचा तळ घाट उतरून कोकणात जायचा. तिथं किनाऱ्यावर एकदा तिनं होडीतून उतरवलेला भलामोठा कुपा मासा पाहिला होता. "ती मान्सं हसली. म्हनली, धनगराच्या पोरी, भिऊ नको. मी कुठं भ्याले व्हते? मला तसला धरायचा व्हता!" साठी उलटल्यावर एक दिवस तिनं मला, रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या भाच्याला, फर्मावलं, "सुट्टी काढ. समिंदराचा गळ घ्यायचाय."

पुण्यातल्या दुकानदारानं तिचा हात पाहून एक लांब, सडपातळ रॉड काढला. "आजी, हा घ्या. हलका आहे, तुम्हाला झेपेल."

"हलका मला, का माशाला?" आत्यानं विचारलं. मग रॉडच्या दोरीचं टोक माझ्या हातात देऊन मला दुकानाबाहेर पिटाळलं. "वढ. लाजू नको."

मी ओढलं. लांब रॉड वाकला आणि त्याच्या शेंड्यानं तिचं मनगटच पिळवटलं. तिनं तो खाली ठेवला. दुकानदारालाही आता रंग चढला. त्यानं आतून एक आखूड, जाडजूड रॉड आणला. "किनाऱ्यावरून लांब फेकायचं असेल तर तो. होडीतून खोल पाण्यातला मासा वर काढायचा, तर हा." मी पुन्हा ओढलं. शेंडा वाकला, पण बुडखा ताठ राहिला आणि भार तिच्या कमरेवर गेला. मी दोन पावलं पुढे खेचला गेलो.

"ह्यो," आत्या म्हणाली. "ह्यो माझ्या बाजूचा हाय."

मूठ मात्र तिच्या दोन बोटांत नीट बसेना. दुकानदारानं तिथंच रबर गुंडाळून ती जाड करून दिली आणि बुडखा टेकवायला कमरेचा पट्टा दिला.

बाळूनं घरी आकांत केला. "त्या हातानं? समिंदरात? लोक काय म्हनतील?"

"लोकास्नी म्हन, तुमीबी या."

कोकणात होडीवाला तांडेल भला माणूस होता. किनारा धूसर झाला तिथं त्यानं होडी थांबवली. बऱ्याच वेळानं आत्याचा रॉड एकदम पाण्याकडे वाकला आणि रीळ किंचाळत सुटलं. तांडेल धावला. "मावशी, द्या इकडे!"

"हात लावायचा न्हाई!"

आत्या गुडघे फळीला टेकवून उभी राहिली. मासा खाली जाई तेव्हा जाऊ द्यायची, थांबला की रॉड उचलून रीळ फिरवायची. डाव्या हाताची जुनी जखम उकलली, मुठीवरून रक्त ओघळलं. मी पुढे सरकलो तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जागीच बसलो. "मला मदत नगं," ती धापा टाकत म्हणाली, "जागा दे."

अखेर निळंशार अंग पाण्यावर आलं. कुपा! तांडेलानं आकडा मारून तो होडीत घेतला आणि आत्यापुढे हात जोडले. आत्या खाली बसली आणि रडली. अपघातानंतर तिला रडताना मी प्रथमच पाहत होतो.

त्यानंतर दर हिवाळ्यात ती कोकणात गेली. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन दोन दिवसांत संपली. जाण्याआधी बाळूला सांगून गेली, की राख खाऱ्या पाण्यात सोडायची.

भावकी उसळली. दारात भीमा असताना समुद्र कशाला? ही कुठली रीत? भावकीतले थोरले आप्पा तर बाळूच्या अंगावर धावून गेले. बाळू आयुष्यात कधी त्यांच्यापुढे मान वर करून बोलला नव्हता. तो उठला.

"आप्पा, तुम्ही वडीलधारे हाय. पर माझी आई म्हनली तसंच व्हनार. ज्याला यायचंय त्यानं जीपमधी बसा."

कोणी बसलं नाही. आम्ही दोघंच गेलो. बाळूला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्याचीही त्याला भीती वाटते. तरी राखेचं मडकं घेऊन तो समुद्रात उतरला. मी हात धरायला गेलो, तर त्यानं तो सोडवून घेतला. लाट छातीवर आदळली, तो धडपडला, सावरला. आणि आणखी आत चालत गेला.