बांधलेलं इंजिन

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न माझ्याशी झालं आणि दुसरं एका जुन्या डिझेल पिकअपशी. दोघींपैकी लाडकी कोण, हे आमच्या लातूरकडच्या मुरुडातलं शेंबडं पोरही सांगेल. मी ताप येऊन पडले तर हे दारातूनच विचारायचे, "बरं वाटतंय का?" तिचं बॉनेट मात्र रोज सकाळी स्वतःच्या टॉवेलने पुसायचे. मी म्हणायचे, सवत आणायची तर निदान तरुण आणायची, ही भूकंपातली कशाला आणलीत?

ती खरंच भूकंपातली होती. त्या पहाटे मुरुडात आमची उतरंड कोसळली, मागच्या भिंतीला चीर गेली, एवढ्यावर आमचं निभावलं. खाली औशाकडची गावं झोपेतच गाडली गेली. दुसऱ्या दिवशी गावाने भाकरी जमवल्या, त्या पोचवायला हे गेले. दोन दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस तिकडेच राहिला. आधी ढिगारे उपसले, मग पुनर्वसनाचं काम निघालं तसं एका ठेकेदाराच्या पिकअपवर ड्रायव्हर झाले. पत्रे, सिमेंट, गज वाहायचे. काम संपल्यावर घरी आले आणि ओट्यावर बसले. बसले ते बसलेच. चहा घेता का म्हटलं तर हाव, जेवता का म्हटलं तर हाव. त्यापलीकडे शब्द नाही. आमचं छोटं दुकान होतं, तिकडे बघायचे नाहीत, घरात झोपायचे नाहीत. मी बोलून बोलून दमले, रडून झालं, नवस बोलून झाले.

मग ठेकेदाराने ती पिकअप विकायला काढली आणि मी हट्टाने ती दारात आणवली.

लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. आसपासच्या प्रत्येक गावातलं दहावी झालेलं पोर लातूरला खोली करून राहायला लागलं, आणि प्रत्येकाची आई इकडे म्हणायला लागली की मेसच्या भाजीत पाणीच असतं. काही डबे एसटीने जायचे. पण एसटी कधी येईल आणि कंडक्टर कधी नाही म्हणेल, याचा नेम नाही. आम्ही डबे न्यायला सुरुवात केली. सकाळी आमच्या ओट्यावर बायकांची ही गर्दी. सगळे डबे स्टीलचे, सारखेच, म्हणून प्रत्येक आई आपल्या जुन्या साडीची चिंधी डब्याच्या कडीला बांधायची. पोरं तिकडे नाव वाचायची नाहीत, आईची साडी ओळखून डबा उचलायची. हे संध्याकाळी रिकामे डबे घेऊन आले की मला सांगायचे, अमक्याच्या पोराने ठेचा मागितलाय, तमकीची पोरगी आज रडली. सांगता सांगता हसायचेसुद्धा. माझा माणूस मला असा चिंध्याचिंध्यांनी परत मिळाला.

म्हणून दिवाळीनंतर गाडी थरथरायला लागली तेव्हा मी गाडीआधी ह्यांच्याकडे बघितलं. ती बंद पडली असती तर डबे दुसऱ्या कुणीही नेले असते. हे मात्र पुन्हा ओट्यावर जाऊन बसले असते, आणि या खेपेला त्यांना उठवायला माझ्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं.

सुरुवातीला गाडी उभी असताना नुसती धडधडायची. मग थरथर वाढली. दारात चालू केली की आतल्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. भूकंप अनुभवलेल्या गल्लीला तेवढं पुरे. शेजारची म्हातारी एकदा अर्ध्या अंघोळीतून बाहेर पळाली आणि गाडी बघून तिने ह्यांना अशा शिव्या घातल्या की मला कान झाकावे लागले. मागे डब्यांची झाकणं उघडायला लागली. वरण पिशवीत आणि भात वरणात. एक बाई दारात येऊन म्हणाली, "माय, माझ्या लेकरानं काल कोरडीच भाकर खाल्ली की. त्याचा पेपर होता." दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा एका जीपवाल्याकडे जायला लागला. हळूहळू आणखी दोन-चार गेले.

बाजारात जो तो डॉक्टर. कुणी म्हणालं डिझेलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणालं पंप गेला, आमच्या भाऊजींनी तर दृष्ट काढायला सांगितलं. तीही मी काढली, मिरच्या मोठ्या झणझणीत होत्या.

आमचे मिस्त्री गावातलेच, त्यांच्या वडलांनी रझाकाराच्या काळातल्या लॉऱ्या दुरुस्त केलेल्या. हात चांगला, पण जीभ हातापेक्षा चांगली. त्यांनी आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "मिसिंग है. नोझल गया." चारांपैकी एक सिलिंडर काम करत नाही, असा त्याचा अर्थ. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. ती लातूरला पाठवून साफ करून आणली. फरक नाही. दुसऱ्यांदा साफ केली. फिल्टर बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार.

ह्यांचं बोलणं पुन्हा कमी व्हायला लागलं. गाडी इतकी सावकाश चालवायचे की सायकलवाला पुढे जाईल. घरी आले की दोन्ही हात काखेत घालून बसायचे. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन करायची संध्याकाळची पूजाही भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून. आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "विकून टाकू."

"काय?"

"गाडी. विकून टाकू. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना डबे घेऊन एसटीने लातूरला पाठवलं, गाडी गल्लीतल्या पोरांकडून ढकलत मिस्त्रींच्या दारात नेली आणि स्वतः तिथे स्टूल टाकून बसले. आमचे मिस्त्री डोळ्यासमोर कुणी नसलं की चहाला जातात, आणि चहा संपत नाही.

म्हटलं, "आता अंदाज नको. एकेक तपासा."

ते फणफणले, पण कामाला लागले. मला केबिनमध्ये बसवलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि प्रत्येक नोझलला जाणाऱ्या नळीचा नट एकेक करून ढिला करायला लागले. नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. तो सिलिंडर चांगला असेल तर इंजिन लगेच अडखळतं. मेलेला असेल तर इंजिनाला काही कळतच नाही. पहिला ढिला केला, इंजिन अडखळलं. आवळला. दुसरा, अडखळलं. तिसरा. चौथा. चारही वेळा इंजिनाने मान टाकल्यासारखं केलं आणि नट आवळताच पुन्हा सावरलं.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, "भाभी, चारो बराबर काम कर रै. इंजन में कुछ खराबी नै."

"मग हालायलीय कशामुळं?"

ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग खालून ओरडले, "अरे, ये पट्टी कौन मारा?"

मी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. पट्टी मी ओळखली. तसल्याच लोखंडी पट्टीने आमचं कपाट भिंतीला बांधलेलं होतं, मांडणी बांधलेली होती, पाण्याची टाकी बांधलेली होती. पुनर्वसनाच्या कामावर इंजिनिअर लोकांनी गावोगाव सांगितलं होतं की घराला पायाशी, खिडकीशी आणि वर असे पट्टे घालून घर बांधून काढा, बांधलेलं घर पडत नाही. हे तिकडून तेवढं शिकून आले आणि आल्यापासून दिसेल ते बांधत सुटले होते. माझं जातं तेवढं वाचलं. आता इंजिनही बांधलं होतं.

मिस्त्रींनी मला समजावलं. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलेलं असतं, त्यातला एक फाटला होता. तेवढ्याने ते थोडं धडधडत होतं. वरून पट्टीने त्याला गाडीच्या सांगाड्याशी आवळल्यावर इंजिनाची सगळी थरथर स्टिअरिंगपासून मागच्या डब्यांपर्यंत जायला लागली. "इंजन तो हिलेगाच भाभी. उसको हिलने को जगा होना," ते म्हणाले, आणि नोझल दोनदा का साफ केली हा विषय त्यांनी सोयीने टाळला.

पट्टी कापली. बाजारातून नवा ठोकळा आणून बसवला. गाडी चालू केली तेव्हा मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. बॉनेटखाली इंजिन आपलं आपलं हलत होतं आणि माझ्या हातांना त्याचा पत्ता नव्हता. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींना माफ करून टाकलं.

संध्याकाळी हे आले तेव्हा गाडी दारात चालू ठेवलेली होती आणि मी पट्टीचा तुकडा हातात घेऊन ओट्यावर बसले होते. आज सोडायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "या, भूकंपवाले. घर बांधलंत, मांडणी बांधलीत, आता इंजिनाला कोणत्या मजल्याचा पट्टा घातला होतात?"

हे हसले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मग केबिनमध्ये बसून स्टिअरिंग धरलं. उतरून माझ्याजवळ येऊन बसले.

"मी भूकंपासाठी न्हाई बांधलं," म्हणाले. "गाडी हालायली होती. पण घरी आल्यावरबी माझे हात तसेच हालायचे. मुंग्या आल्यावानी. तिकडं ढिगारे काढताना हालायचे ना, तसे. मग मला कळंना, गाडी हालायलीय का मीच हालायलोय. म्हणून इंजिन बांधून टाकलं. म्हणलं, आता ते तर हालणार न्हाई. तरीबी हाललं, तर मग मीच."

"आणि वाढलं."

"लई वाढलं." ते जमिनीकडे बघत होते. "मग पक्कं झालं, मीच हाय. लोकांच्या लेकरांचे डबे, असल्या हातानं कसे न्यावं? पूजेला बसलो की तळहातावर लिंग ठरतंय का न्हाई, एवढंच बघत बसायचो. तुला दिसू नये म्हणून पाठ करून बसायचो."

दिवाळीपासून हा माणूस रोज एकटा बसून स्वतःला तपासत होता आणि मी नोझल साफ करून आणत होते.

"हात बघू," म्हटलं.

त्यांनी डावा हात पुढे केला, पूजेत धरतात तसा, तळवा वर करून. काळी बोटं, डिझेलचा वास. आम्ही दोघं बघत राहिलो. हात हलला नाही; आज दिवसभर त्यात थरथरणारं स्टिअरिंग नव्हतं. मी त्यावर माझा हात ठेवला, आणि थरथरत होता तो माझा होता.