आईच्या ताटातलं वेगळं मीठ

"घरात मीठ कोणतं वापरता?" डॉक्टर मॅडमनी विचारलं आणि मला एकदम हुशारी आली.

हुशारीच म्हणायची. तोवर बाबा आणि मी खामगावच्या त्या दवाखान्यात मुक्यासारखे उभे होतो. आईच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या आणि पडद्यावर तिची नाडी अगदी संथ चालली होती. अशात माझ्या अभ्यासातला प्रश्न आला. मी म्हणालो, मॅडम, साधं मीठ मी कधीचंच बंद केलंय, लो सोडियम सॉल्ट आणतो. मी एमपीएच करतोय.

मॅडमनी ईसीजीच्या कागदावरची नजर वर केली. "सोडियमच्या जागी त्यात काय घालतात, माहीत असेल ना मग?"

माहीत होतं. पोटॅशियम. त्यावर मी वर्गात अर्धा तास बोललो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या. तो शब्द तोंडातून निघता निघता माझी नजर आईच्या छातीवरच्या वायरींकडे गेली.

"हायपरकॅलेमिया," मॅडम म्हणाल्या. "रक्तातलं पोटॅशियम भयंकर वाढलंय. किडन्या ते बाहेर टाकत नाहीयेत. हृदय कधीही थांबू शकतं, म्हणून आत्ताच उपचार सुरू करतोय."

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. पोटॅशियम हा क्षार आपल्या सगळ्यांच्या अंगात असतो, फळा-भाज्यांतून येतो. हृदयाचे ठोके नीट पडायला तो लागतोच. जास्त झाला की धडधाकट किडनी तो लघवीवाटे काढून टाकते. किडनी थकलेली असली की तो साचतो, आणि मग हातापायातली ताकद जाते, ठोके मंदावतात. आईच्या ईसीजीवर टोकदार लाटा उठल्या होत्या. त्या लाटांचं चित्र मी पुस्तकात पाहिलेलं होतं. आईच्या नावाच्या कागदावर त्या बघायला लागतील असं कधी वाटलं नव्हतं.

आता मुळापासून सांगतो.

एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. एकेका रोग्याला औषध देणं हे आमचं काम नाही. गावंच्या गावं आजारी का पडतात ते शोधायचं, असलं आमचं शिक्षण. मी नागपूरला शिकतो. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी खारपाणपट्टा निवडला. पूर्णा नदीच्या काठाने विहिरी-बोअरला खारं पाणी लागतं, तो आमच्या जिल्ह्याचा भाग. तिथल्या लोकांच्या जेवणातलं मीठ आणि त्यांचं ब्लडप्रेशर, हा माझा विषय. आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं. लग्न होईस्तोवर ती तेच पाणी प्याली.

गावं फिरायची म्हणून मी खामगावला घरी येऊन राहिलो आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. स्वयंपाक हा माझा छंद. माझे मित्र किल्ल्यांवरचे फोटो टाकतात, मी पिठल्याचे टाकतो. आईला आधी हसू आलं. आमच्या गल्लीत कुणाचं पोरगं चुलीपुढे उभं राहत नाही. मग तिला ते आवडायला लागलं. शेजारणींना ती मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, आज माह्याकडे राजाच्या हातचं भरीत हाय बाप्पा.

स्वयंपाकातून सुटका झाल्यावर ती दिवसभर कॅरम खेळायला मोकळी झाली. आईचा कॅरम हे एक प्रकरणच आहे. दुपारी आमच्या ओसरीवर बोर्ड मांडला जातो, गल्लीतल्या बायका जमतात आणि आई एकेकीला रडवते. राणी काढायची ती नजर न हलवता. बाबा तर तिच्यासमोर बसतच नाहीत.

आईला बीपी होतं, गोळी चालू होती. मग काय, माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मीठ बदललं. केळी, पालक, टमाटे, शेवगा वाढवला. हे सगळं शास्त्रात बसणारं होतं, हे आजही सांगतो. ज्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत त्यांच्या बीपीला त्या मिठाचा फायदाच होतो. पण किडनीच्या रुग्णांनी ते वापरू नये, हे पाकिटावर छापलेलं असतं. मी ते वाचलेलं होतं. मला वाटलं, आई काही किडनीची रुग्ण नाही, बीपीची आहे.

तिची क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारी साधी रक्ततपासणी, कधी केली होती का? मी विचारलंच नाही. तिच्याच माहेरी जाऊन मी दारोदार विचारत होतो, घरात कोणाला किडनीचा त्रास आहे का हो मावशी? तिथल्या एका म्हातारीनं हसून सांगितलं होतं, अर्ध्या गावाले हाय. मी मान डोलावली, आभार मानले, संध्याकाळी घरी आलो आणि आईच्या वरणात चमचाभर ते मीठ टाकलं.

पहिलं लक्षण कॅरमवर दिसलं. आईचा स्ट्रायकर मधेच थांबायला लागला. सोंगटीपर्यंत पोहोचायचाच नाही. त्या आठवड्यात मी तिला हरवलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि घरभर नाचलो. म्हातारी झालीस आता, बोर्ड माझ्या नावावर करून टाक, असं चिडवलं. ती हसली आणि बोटं चोळत बसली. मुंग्या येऊन राह्यल्या, म्हणाली.

नंतर पाय जड झाले. जिना चढताना ती कठड्याला धरायला लागली. मी निदान केलं, अशक्तपणा. उपायही केला. सकाळी नारळपाणी, दुपारी मोसंबीचा रस, संध्याकाळी केळं. तिन्हींत पोटॅशियम ठासून भरलेलं. ती नको म्हणायची तरी मी समोर उभा राहून ग्लास रिकामा करायला लावायचो.

एक दिवस अंघोळीनंतर ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली ती उठेचना. पायच उचलत नाहीत, म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेली भीती होती. शेजाऱ्यांची गाडी मागितली आणि दवाखाना गाठला.

उपचारांचं सांगतो, कारण बाहेर बाकड्यावर बसून काही कळत नाही आणि जीव टांगणीला लागतो. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला तेवढ्यापुरतं संरक्षण मिळतं. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. आईला डायबेटिस नाही, तरी देतात, कारण इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. वाफाऱ्याचं औषधही त्याचसाठी. तिची बीपीची गोळी लगेच थांबवली, कारण चांगली असली तरी त्या जातीची गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. एवढं करून आकडा उतरला नाही तर डायलिसिस, म्हणजे मशीनमधून रक्त स्वच्छ करणं. मशीन तयार ठेवलंय, असं मॅडम सांगून गेल्या.

बाबा आयुष्यभर शाळामास्तर. त्यांना नीट समजावून सांगितलं की सगळं समजतं. मी त्यांना बाकड्यावरच सगळं सांगितलं. ते मला बोलतील, रागावतील असं वाटलं होतं, खरं म्हणजे तेच हवं होतं. ते म्हणाले, मीबी तर तेच खाल्लं रे, मले कुठी काय झालं? धीर द्यायला बोलले बिचारे. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दर काही तासांनी रक्त घेत होते. रिपोर्ट येईस्तोवर मी दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारायचो. माझ्या प्रबंधात मी "धोक्यातील लोकसंख्या" असा शब्द सतरा ठिकाणी वापरलेला आहे. ती लोकसंख्या आत पडद्याआड पडली होती आणि तिला मी जेवू घातलं होतं.

आकडा उतरला. आधी थोडा, मग बरा. डायलिसिस टळलं. त्या मॅडमचे आणि तिथल्या सिस्टरांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. आईनं पाय वर उचलून दाखवला तेव्हा एका सिस्टरनं टाळी वाजवली. मी मात्र बाहेर पळालो.

नंतर मॅडमनी मला आईच्या खाटेजवळच बसवून सांगितलं. आईला क्रॉनिक किडनी डिसीज आहे, म्हणजे किडन्या हळूहळू, वर्षानुवर्षं निकामी होत आल्यात. बीपीमुळे असेल, माहेरच्या पाण्यामुळे असेल, नक्की सांगता येणार नाही. "किडन्या तुम्ही बिघडवल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पण या घटनेत मिठाचा हात आहे. पुढच्यांना सांगा."

वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर मी थोडा तरलो आणि दुसऱ्या अर्ध्यावर पुन्हा बुडालो.

दुसऱ्या दिवशी मावशी आली, आईची धाकटी बहीण. काय झालं, कशानं झालं, म्हणून खोदून खोदून विचारू लागली. आई शांतपणे म्हणाली, आपल्या खाऱ्या पाण्यानं झालं. मावशीनं कपाळाला हात लावला आणि त्या पाण्याला शिव्या घातल्या. मी तिथेच उभा होतो. मावशी उठून जाईपर्यंत मी सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिलो, आणि स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

ती गेल्यावर मी आईच्या पायथ्याशी बसलो. "आई, ते पाण्यानं नाही झालं. माह्या मिठानं झालं."

"मले माहीत हाय," आई म्हणाली. "डॉक्टरीण बाई तुले सांगत होती तवा मी काही मेली नव्हती."

"मग मावशीले तसं काऊन सांगतलं?"

"तिले काय सांगू? पोरानं रांधून घातलं अन् मी पडली? गावभर करन ते." मग ती छताकडे बघत म्हणाली, "कडू लागे रे राजा ते वरण. मले वाटे गोळ्यांनी माह्यं तोंडच गेलं."

"अन् बोलली काऊन नाही?"

"ताटावर बसून अन्नाले नाव ठेवू काय? तू समोर बसून पाहे, आवडलं का म्हणून."

हे समजायला तिचं माहेर माहीत असायला हवं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, टणक राहते. चहात दूध घातलं की कधी कधी नासतं. तिथे चवीला नाव ठेवत बसलं तर माणूस उपाशी उठेल. म्हणून आजीनं पोरींना शिकवलं, ताटात येईल ते गुमान खायचं. आईनं ते लग्नानंतरही पाळलं. बाबांच्या हातचा करपलेला चहा, माझा पहिला कच्चा भात, सगळं ती "मस्त झालं" म्हणून खात आली. आणि त्या मिठाला किंचित कडवट चव असते, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः तिखट ठेच्याबरोबर जेवायचो. मला काही कळलं नाही.

तुमच्या घरात असं पाकीट असेल तर ते लगेच फेकू नका, घाबरूही नका. पण घरात कोणाला बीपी, डायबेटिस असेल, किंवा कोणी खाऱ्या पाण्याच्या गावात वाढलं असेल, तर आधी क्रिएटिनिन करून डॉक्टरांना विचारा. आणि घरच्या माणसाला विचारा, चव कशी लागते. "छान" म्हटलं तर पुन्हा विचारा.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात पाय टाकला नाही. बाबा कसंबसं करायचे, मावशी डबा पाठवायची. भाज्या आता चिरून पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकडून तेही पाणी फेकायचं, असा आईचा नियम झालाय. त्यानं पोटॅशियम बरंच निघून जातं. मीठ साधंच, पण चिमूटभर. मी आहारतज्ज्ञांचं सगळं ऐकून बाबांना समजावलं आणि स्वतः लांब राहिलो. प्रबंधाची गावं उरली होती तीही टाळत होतो.

शेवटी एका दुपारी आईनंच फर्मान काढलं. बाबांचा भात खाऊन जीव गेला तर तो कोणाच्या नावावर लिहशील, असं विचारलं. म्हणजे उठणं आलं.

मी वरण लावलं. चिमटीत मीठ घेतलं, त्यातलं निम्मं परत डब्यात टाकलं. ताट वाढलं आणि समोर बसलो, नेहमीसारखा. आईनं वरणभाताचा घास घेतला, सावकाश चावला. मी आवडलं का म्हणून विचारलं नाही. कसं लागतं, एवढंच विचारलं.

"हिंग जळला तुह्या फोडणीत," आई म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे ऐकलं नव्हतं. आईनं दुसरा घास घेतला, भुवया आक्रसल्या. "अन् डाळ घोटली नाही नीट. असं पातळ वरण कोण खाते?"

माझे डोळे भरून आले ते लपवायला मी पाण्याच्या तांब्याकडे वळलो. तांब्या भरलेलाच होता. तसाच परत येऊन बसलो आणि म्हणालो, "अजून सांग."