सड्यावरचा आडवा वारा

आडव्या वाऱ्यात विमान उतरवणं ही फार मोठी कला आहे असं सांगणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी ओळखतो की यांनी ते कधी उतरवलेलं नाही. मी उतरवलंय. रत्नागिरीच्या सड्यावर, भर दुपारी, समुद्राचा वारा डाव्या अंगावर घेऊन, आणि एकदाच नव्हे. त्यात कला-बिला काही नाही. उजव्या हातात दांडी, डाव्या हातात इंजिनाचा खटका, दोन्ही पाय सुकाणूच्या पट्टीवर आणि डोकं ठिकाणावर, एवढं लागतं. हातपाय कुणाचेही तयार करता येतात. डोक्यासाठी मला माझ्याच घराशी भांडावं लागलं.

माझे वडील तांडेल, म्हणजे शिडाच्या गलबताचे कप्तान. फत्तेमारीत लाकूडफाटा, सुकी मासळी आणि हंगामात आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला न्यायच्या आणि येताना किराणा, कापड घेऊन यायचं, हा आमचा पिढीजात धंदा. आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा एक उंचवटा आहे. लाटा तिथंच फुटतात. बाहेरून येणाऱ्या तांडेलाने एकदा नाळ, म्हणजे गलबताचं नाक, मुखाकडे वळवली की मग काहीही होवो, आत शिरायचं. मध्येच मन बदलून फिरायला गेलं तर गलबत लाटेला आडवं होतं, आणि आडवं झालेलं गलबत उलटतं. बाबांच्या चुलत्याचं तसंच उलटलं होतं. म्हणून बाबांचा नियम होता, मुखाशी आल्यावर तोंड फिरवायचं नाही.

समुद्रापुरता हा नियम शहाणपणाचाच होता. पण आमच्याकडे तो पार चुलीपर्यंत आला होता. आई बाजाराला निघाली आणि टोपली विसरली, तरी ती उंबऱ्यावरून मागं येत नसे, शेजारणीची मागून घेई. आत्याच्या लग्नाची बोलणी करायला बाबा अंजनवेलला गेले, मुलगा पाहिला, मनातून उतरला, पण आता गावात शिरलोच आहोत म्हणून लग्न पक्कं करूनच परतले. आत्याचं दैव बरं, नवरा फक्त दिसायलाच वाईट निघाला.

या घरातून मी मुंबईला गेलो तो गोदीतल्या इंजिनांच्या कारखान्यात. तिथून विमानं शिकवणाऱ्या एका क्लबात इंजिनं उघडायला, साफ करायला लागलो आणि तिथंच चिकटलो. सकाळी हात काळे करायचे आणि संध्याकाळी धडा घ्यायचा. शिकवणारा पारशी कप्तान भला माणूस होता, पण तोंडाचा फटकळ. मी दांडी धरली की तो म्हणे, समुद्रावरचा गडी दिसतोस, वारा तुला सांगावा लागत नाही. मला ते ऐकून मूठभर मांस चढायचं.

मग एके दिवशी वारा आडवा होता. मी खाली येत होतो आणि विमान मैदानाच्या कडेला सरकत होतं. सरकतंय हे मला दिसत होतं. कप्तान बोलायच्या नळीतून ओरडत होता की इंजिन दे, वर घे, पुन्हा ये. मी काही वर घेतलं नाही. मुखाशी आलो होतो ना. डाव्या चाकाचा पाय मोडला, पंख जमिनीला घासला आणि आम्ही दोघं धुळीच्या ढगात एकमेकांकडे बघत बसलो. कप्तानाने विचारलं की बहिरा आहेस काय. मी त्याला खाडीच्या मुखाची सगळी हकीकत सांगितली. तो पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

"तुझा बाप बरोबर आहे," तो म्हणाला, "कारण त्याला वर जायला रस्ता नाही."

त्यानंतर महिनाभर त्याने मला जमिनीला चाक लावू दिलं नाही, शेवटी विमान तोच उतरवी. रोज खाली यायचं, माडाच्या उंचीवर पोचलं की इंजिन द्यायचं आणि वर निघून जायचं. वारा चांगला असो की वाईट, मागं फिरायचं म्हणजे फिरायचं. इतर शिकाऊ गालातल्या गालात हसायचे. मला मात्र प्रत्येक वेळी घरच्या देवाची माफी मागावीशी वाटायची. पण महिन्याअखेर पाय आपोआप वळायला लागले.

परवाना मिळाल्यावर घरी आलो. आईने मीठमोहऱ्या उतरवल्या. बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. त्यांना फत्तेमारीचं सुकाणू माझ्या हाती द्यायचं होतं, त्यासाठी ते माझी वाट बघत थांबले होते. त्यांनी सरळ अट घातली.

"दुपारच्या वाऱ्यात सड्यावर उतरव. नीट उतरलास तर मी सोता बसेन त्यात. मी बसलो म्हंजे मानला तुझा धंदा. नायतर गुमान येऊन सुकाणू धर."

मी हो म्हटलं. माझा सगळा धंदा आता त्यांच्या त्या बसण्यावर टांगला गेला होता, आणि मला भीती म्हणून वाटली नाही. उतरवता मला येत होतं.

बाबांनी दुपार मागितली ती उगीच नव्हे. सकाळी आमच्याकडे मतलई असते, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मऊ वारा. तेव्हा शेंबडं पोरही विमान उतरवील. दुपारी मात्र समुद्राचा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं, सपाट पठार. तो दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद. एका बाजूला समुद्राचा कडा, दुसऱ्या बाजूला आंब्यांच्या बागांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. तेव्हा वाऱ्याला तोंड देऊन उतरायची सोय नाही. दक्षिणेकडून यायचं आणि पश्चिमेचा वारा सबंध डाव्या कुशीवर घ्यायचा.

अशा वेळी दोन रीती आहेत. पहिली आपल्याकडे खाडीपार नेणारी होडी चालवणाऱ्याला विचारावी. ओहोटीच्या ओढीत होडी पलीकडे न्यायची तर तो तिचं नाक वरच्या अंगाला ठेवतो, होडी तिरपी दिसते पण जाते सरळ. तसंच विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवून खाली यायचं. फक्त शेवटच्या क्षणी, चाकं टेकायच्या आधी, उजवा पाय दाबून नाक सरळ करायचं. तिरपं टेकलं तर चाकं मोडतात, ते मी स्वखर्चाने शिकलो होतो. दुसरी रीत म्हणजे वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा आणि उलट्या पायाने नाक सरळ धरायचं. मग वारा ढकलतो एकीकडे, विमान घसरतं दुसरीकडे, आणि दोघांची फिट्टंफाट होते. अशा वेळी डावं चाक आधी टेकतं आणि उजवं मागाहून. बघणाऱ्याला वाटतं गेलं उलटून. मी दोन्ही रीती जोडून वापरतो, वरून पहिली आणि जमिनीजवळ दुसरी.

पहिला योग आणला तो मूळच्या पालीच्या आणि मुंबईत व्यापारात जम बसवलेल्या एका शेटजींनी. रत्नागिरीला विमानाने जाता येईल का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. क्लबाचं दुहेरी पंखांचं विमान घेतलं, त्यांना बसायच्या पुढच्या खळग्यात बसवलं आणि मी मागच्या. बाबांना आधीच निरोप धाडला होता. त्यांनी खलाशांना लावून सड्यावरचे सुटे दगड वेचून काढले होते, खड्डे मातीने बुजवले होते आणि स्वतः फत्तेमारीचा लाल बावटा बांबूला बांधून मधोमध उभे होते. सगळा मोहल्ला गडग्यावर बसला होता.

मी दक्षिणेकडून खाली आलो. नाक समुद्राकडे, सगळं जिथल्या तिथं. माडाच्या उंचीवर आलो आणि बावटा एकदम कडक झाला. कड्यावरून वाऱ्याचा लोट चढून आला होता. विमान गडग्याकडे ढकललं गेलं. अजून टेकवता आलं असतं, कदाचित. त्या गडग्यावर आई बसली होती, आत्या बसली होती, आणि समोर बावटा धरून तो माणूस उभा होता ज्याने जन्मात मुखाशी येऊन तोंड फिरवलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण खटका पुढे केला, पंख सपाट केले आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून वर निघून गेलो. पुढच्या खळग्यात शेटजींना वाटलं की रत्नागिरी पसंत न पडून मी त्यांना मुंबईला परत नेतोय. ते नळीतून सारखे विचारत होते की काय झालं. मी सांगितलं, काही नाही, पुन्हा येतोय.

दुसऱ्या वेळी वारा तेवढाच होता, पण एकसारखा. डावा पंख झुकवला, उजवा पाय दाबला, डावं चाक लागलं, मग उजवं, मग शेपटीची लोखंडी पट्टी कातळावर करकरत गेली. इतकं सुरेख उतरणं माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि हे मीच सांगतोय, कारण त्यातलं कळणारं दुसरं तिथं कुणी नव्हतं. वेग कमी झाला तसा वाऱ्याने डावा पंख उचलायला घेतला, त्या विमानाला ब्रेकही नव्हते. तेवढ्यात चार खलाशी दोन्ही बाजूंनी धावले आणि पंखांच्या टोकांना लोंबकळले. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. किनाऱ्याला लागलेली होडी लाटेने उचलू नये म्हणून धरायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी चाकासमोर नारळ फोडला. शेटजींना उतरवून शहाळं दिलं. मग मी पुढच्या खळग्याकडे हात केला आणि म्हटलं, बसायचं ना?

"नाय," बाबा म्हणाले. "मुखाशी येऊन फिरलास. फिरणाऱ्याच्या होडीत मी नाय बसत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या माणसांदेखत मी त्यांना म्हटलं, "फिरलो म्हणून उतरलो." त्यांनी बावटा गुंडाळून काखेत मारला आणि चालू लागले. पण येऊन सुकाणू धर, असंही ते म्हणाले नाहीत. त्यांचा निकाल अजून लागायचा होता आणि माझा धंदा मध्येच लोंबकळत राहिला.

शेटजी मात्र खूश झाले. त्या हंगामात त्यांनी मला अनेक फेऱ्या दिल्या. कधी ते स्वतः, कधी त्यांचा मुनीम, कधी नुसता टपालाचा थैला. दर खेपेला बाबा बावटा घेऊन सड्यावर हजर. कारण विचारलं तर म्हणत, दुसऱ्याच्या हाती दिला तर तो बांबू सरळ धरत नाही. मी कधी पहिल्या खेपेला उतरे, कधी फिरून दुसऱ्यांदा येई. बाबा नुसतं बघत.

एकदा रात्री जेवताना त्यांनी ताटातून मान वर न काढता विचारलं की आज दुपारी फिरलास तेव्हा लोट आला हे तुला वरनं कसं कळलं. मी म्हटलं, तुमच्या बावट्यावरून. त्यांनी भात कालवला. मग म्हणाले की त्यांनाही तो तेव्हाच कळला होता, हातातल्या बांबूवर. एवढंच बोलले आणि आईकडे आमटी मागितली.

पावसाआधीची शेवटची फेरी. शेटजींना उतरवून मी इंजिन बंद केलं, तर बाबा समोर उभे. धोतर कासोट्यासारखं आवळलेलं, मुंडासं हनुवटीखालून बांधलेलं. बावटा त्यांनी आपल्या जुन्या खलाशाच्या हाती देऊन ठेवला होता. आई मागून म्हणाली, "जल्लं तुमचं म्हातारचळ," आणि पदराने डोळे पुसले. बाबा पुढच्या खळग्यात चढले. का चढले ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उतरले असते.

मी त्यांना आधी खाडीवर नेलं. वरून मुखाचा वाळूचा उंचवटा लख्ख दिसत होता, त्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि तिच्या अलीकडे पलीकडे निळं पाणी. ज्याच्यातून ते जन्मभर आंधळ्यासारखे, नुसत्या अंदाजाने आत शिरले, ते सगळं त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं. ते वाकून वाकून बघत राहिले. मी दोन घिरट्या जास्त घातल्या.

मग सड्याकडे वळलो. नाक समुद्राकडे, वारा डाव्या कुशीवर, खाली लाल बावटा. मला एकच मागणं होतं, आज तरी पहिल्या खेपेला उतरू दे. आणि माडाच्या उंचीवर आलो तोच बावटा कडक झाला. समोर मला बाबांचं मुंडासं दिसत होतं आणि दोन खांदे. मी दात आवळले. पुन्हा त्यांच्यादेखत फिरायचं म्हणजे सगळं मुसळ केरात.

बाबांचा उजवा हात खळग्यातून वर आला. मोकळ्या वाऱ्यात त्यांनी तो गोल फिरवला, ठसठशीत, खलाशाला हुकूम द्यावा तसा. फिरव.

आम्ही वर गेलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि उडतानाच्या बंद चष्म्याच्या आत ते पुसायची सोय नव्हती. दुसऱ्या खेपेला डावं चाक, मग उजवं, मग कातळावरची करकर. खलाशांनी पंख धरले. मोहल्ल्यातल्या कुणीतरी बाबांना विचारलं की मुखाशी येऊन पोरगा फिरला कसा. बाबा मुंडासं सोडत होते.

"पोरगा नाय फिरला," ते म्हणाले. "वारा नीट नव्हता. मी फिरवायला सांगितलं."

खटका मी त्यांचा हात दिसल्यावर पुढे केला की आधीच केला होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सांगता आलं असतं, तरी बाबांना मी ते कधी सांगितलं नसतं.