पडद्यावरचा डाग

नवा रुंद ओएलईडी मॉनिटर घ्यायचा म्हणून मी जेवणाचं टेबल मोजत होतो. दिवसा ऑफिसचं काम आणि संध्याकाळी गेम, दोन्ही तिथेच चालतात. समोर मेथी निवडत बसलेल्या आईने टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

"एवढा मोठा आणलास तर मी दिसेन का रे तुला?" तिने हसत विचारलं.

मी आकडा लिहून घेतला.

दुकानात विक्रेत्याने बजावलं, "साहेब, एकच चित्र तासन्‌तास ठेवू नका. त्याचा डाग पडद्यावर कायमचा राहतो."

पडदा फारच हळवा म्हणायचा. आई वर्षानुवर्षं रोज माझ्यासमोर बसते आहे, माझ्यावर कुठे उमटली?

मी दुकानातला सगळ्यात रुंद मॉनिटर घेतला.