वर काय घालू?

शेजारच्या पाटीलवहिनी जिना चढून वर आल्या तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. ‘धुळ्याहून फोन आलाय, लवकर खाली या,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली पाटी त्यांनीच काढून घेतली. फोनवर पुतण्या सतीश होता. ‘काकू, आई गेली... सकाळी चहा प्यायली, जरा पडते म्हणाली...’ आम्ही नवराबायको मिळेल त्या बसने जळगावहून निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी येईना. डोक्यात एकच फिरत होतं, तिच्या स्वयंपाकघरातला गॅस कुणी बंद केला असेल ना? माणूस गेल्यावर असलं काही सुचावं याची मला लाज वाटली. पण अक्काच्या बाबतीत ही काळजी आम्हा सगळ्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की ती गेल्यावरही लगेच सुटली नाही.

अक्का म्हणजे विमल, माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सतीश शाळेत जायला लागला होता आणि घर अक्काच्या हातात होतं. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण घाबरली किंवा फार आनंदली की तिच्या तोंडून अहिराणी बाहेर पडायची. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. मामेबहिणीच्या लग्नाला ती इंदूरला गेली आणि तिथून हॉट डॉगचं खूळ घेऊन आली. पाव लोण्यात खरपूस भाजायचा, आत बटाट्याचा तळलेला रोल ठेवायचा आणि वर ज्याला जे हवं ते घालायचं. आल्यापासून ती दुसरं काही बोलतच नव्हती. बेकरीवाल्याच्या मागे लागून तिने लांबट पाव करून घेतले, दिनकरभाऊंना, म्हणजे तिच्या यजमानांना, पटवलं आणि कॉलेजच्या रस्त्याला गाडी लावली. आमचे सासरे, आबा, गाडीची पाटी वाचून घरी आले ते जेवायला बसेनात.

‘विमल, इंग्रजीत कुत्र्याला डॉग म्हणतात ना?’

‘हो आबा.’

‘मग? लोक काय समजतील?’

दुसऱ्या दिवशी अक्काने पाटीवर खाली रंगवून घेतलं, ‘शुद्ध शाकाहारी. आत बटाटा.’ आबांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण ते जेवले.

खरी गंमत रोलात नव्हतीच, वरच्या गोष्टींत होती. तव्याच्या कडेला स्टीलच्या डब्यांची ओळ असायची. हिरवी चटणी, लसणाची कोरडी लाल चटणी, शेंगदाण्याची ओली चटणी, ठेचा, बारीक चिरलेला कांदा, शेव, लिंबाच्या फोडी आणि टोमॅटो सॉस. पाव तव्यावर टाकता टाकता ती विचारायची, ‘वर काय घालू?’ एकदा विचारलं की त्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नसे. समोरचे कापडवाले शेठजी जैन. त्यांना बटाटाही चालत नसे, म्हणून कच्च्या केळ्याचा रोल, तवा वेगळा, लसूण नसलेली कोथिंबिरीची चटणी आणि वर मूठभर शेव. कॉलेजातले देवरेसर ठेचा दोनदा घालून घ्यायचे आणि सॉसच्या बाटलीकडे बघूनच चिडायचे. ‘गोडच खायचं तर जिलबी खाईन की!’ त्यांची मुलगी चिनू मात्र फक्त सॉस खायची, वर कांद्याचा एक कण दिसला तरी रडायची. वरणगावच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक जावईबापू सासुरवाडीला आले, की सॉस आणि लसणाची चटणी एकत्र कालवून मागायचे. अक्का तोंड वाकडं करत बनवून द्यायची. माणसांची नावं ती विसरे. वरचं काय, ते कधी विसरली नाही.

एका सकाळी गच्चीच्या ओल्या पायरीवरून ती घसरली आणि डोक्याचा मागचा भाग आपटला. काही दिवस दवाखान्यात राहिली, टाके निघाले, घरी आली. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पुढच्याच आठवड्यात मी अंगणात कपडे वाळत घालत असताना जळक्या दुधाचा उग्र वास आला. धावत आत गेले तर पातेल्यातून धूर निघत होता आणि अक्का त्याच्याकडे पाठ करून, दोन हातांवर, कोथिंबीर निवडत बसली होती.

‘अक्का, वास नाही आला तुम्हाला?’

तिने पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. ‘मंदा... माले वासच येस नही वं. दवाखान्यातून आले तेव्हापासून. वाटलं, सर्दी असेल.’

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं कधी कधी. येईल परत, किंवा नाही येणार. वास गेला त्याबरोबर चवही गेली होती. खारट, तिखट, आंबट, गोड एवढं जिभेला कळायचं. बाकी लसूण काय, कोथिंबीर काय, सगळं तिला ओल्या कागदासारखं लागायचं. घरी येताना रिक्षात तिने माझा हात घट्ट धरला. ‘कोनले सांगू नको. गिऱ्हाईकले समजनं ते कोन खाई?’

तेव्हापासून रोज सकाळी मी चटण्या चाखायच्या, बटाटा हुंगायचा, तेल बघायचं आणि मग गाडी निघायची. मी चमचा तोंडात घातला, की ती माझ्या चेहऱ्याकडे अशी बघत बसायची, जसं काही मी निकाल वाचून दाखवणार आहे. मी बरोबर म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. ‘पुन्हा बघ.’ दिवसभर गिऱ्हाईकाच्या पहिल्या घासाकडे तिचे डोळे लागलेले असत. कुणी जरा थांबून चावलं, तरी हातातलं उलथनं तिथेच राहायचं. त्यातच मला दिवस गेले आणि माझं नाकच माझ्या ताब्यात राहिलं नाही. ताज्या लसणाचाही मला कुजल्यासारखा वास येई. मी नको म्हणाले की अक्का डबाच्या डबा ओतून द्यायची आणि नव्याने वाटायला बसायची. दोघींपैकी कुणालाच खात्री नाही, अशी आमची अवस्था झाली.

एप्रिलमध्ये आई मला काही दिवस पारोळ्याला माहेरी घेऊन गेली. जाताना मी अक्काला बजावलं, बटाटे सकाळीच उकडा, रात्रीचे वापरू नका. पण मी परतले त्या दिवशी सकाळी नळाला पाणी येणार नव्हतं, म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच उकडून, कुस्करून, झाकून ठेवले होते. दुपारच्या सुमारास मी परत आले. बसस्टँडवरून घरी जायच्या वाटेवरच गाडी, म्हणून थांबले. गाडीजवळ गेले आणि आंबूस वास आला. आधी वाटलं, माझंच नेहमीचं. मग पातेल्यावरचं फडकं उचललं. बटाटा तारा सोडत होता.

अक्काने माझा चेहरा बघितला आणि तिला सगळं समजलं. ‘काय झायं?’

‘उतरलाय,’ मी हळूच म्हणाले.

तिने स्टोव्ह बंद केला. समोर चार-पाच मुलं उभी होती. एक म्हणाला, ‘काकू, माझं तेवढं द्या, मग बंद करा.’ अक्का गाडीचा कठडा धरून उभी राहिली. मला वाटलं, ती काहीतरी कारण सांगेल, बरं नाही म्हणेल. ती मोठ्याने म्हणाली, ‘मला वास येत नाही. कित्येक महिने झाले. आजचा बटाटा खराब आहे आणि मला तो कळला नाही. कुणी खाल्लं असेल तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा.’ समोर शेठजी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मुलं एकमेकांकडे बघत मागे सरकली.

मग ती डोळे मिटून आठवायला लागली. नावं नव्हती, वरचं होतं. ‘शेंगदाणा चटणी आणि कांदा, तो पोस्टातला. नुसती शेव, ती शिवणक्लासची बाई. ठेचा दोनदा आणि सॉसचं एक, बांधून...’ तिथे ती थांबली. ‘मंदा, चिनू!’

शेठजींनी आपला माणूस पोस्टात पाठवला. मी पोट सांभाळत शिवणक्लासच्या बाईंकडे गेले. अक्का उन्हात अनवाणीच देवरेसरांच्या घराकडे धावली, चपला गाडीखाली राहिल्या. पोस्टातल्या माणसाने अर्धं खाऊन टाकून दिलं होतं, शिवणवाल्या बाईंना नुसती मळमळ होती. देवरेसरांच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, चिनूला उलट्या सुरू झाल्या होत्या आणि तिला दवाखान्यात हलवलं होतं.

मी पोचले तेव्हा अक्का दवाखान्याच्या बाकावर बसली होती. आत चिनूला सलाईन लावलेलं. सर बाहेर आले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि औषधं आणायला गेले. चिडले असते तर बरं झालं असतं. मी घरी चला म्हणाले, दिनकरभाऊही म्हणाले, पण ती हलली नाही. आत पोर कण्हली की हिची बोटं पदर पिळायची. दिवेलागणीला नर्सने येऊन सांगितलं, उलट्या थांबल्यात, पोरगी पाणी मागतेय. तेव्हा अक्का उठली आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखी रडली.

पण एक माणूस राहिलाच. पागोटं बांधलेला, कधी न बघितलेला. कांदा नको, लिंबू जास्त, दोन बांधून द्या, म्हणाला होता, पिंपळनेरची गाडी धरायचीय. दुसऱ्या दिवशी अक्का बसस्टँडवर जाऊन त्या गाडीच्या कंडक्टरला भेटली. त्याला काही आठवत नव्हतं. पिंपळनेरच्या ओळखीतल्या लोकांना तिने निरोप धाडले. काहीच कळलं नाही. वाईट बातमी आली नाही म्हणजे सगळं ठीक असेल, असं आम्ही म्हणायचो. ती म्हणायची, ‘दोन घेतले होते. दुसरं कुणासाठी असेल?’

गाडी पुन्हा लावायची नाही, असं तिने ठरवलं होतं. ते शेठजींनी मोडलं. एका सकाळी घरी आले, ओट्यावर बसले. ‘भाभी, हम तो केला खाते हैं, हमको कुछ नहीं हुआ. आपकी नाक नहीं चलती तो हमारी चलेगी. सुबह मैं देख लूंगा.’ आणि खरोखर, दुकान उघडायच्या आधी ते येत, बटाट्याला हात न लावता, मान पुढे करून हुंगत आणि ‘ताजा है’ म्हणत. हळूहळू इतरही यायला लागले. पोस्टातला माणूस चटणी चाखून ‘मीठ कमी शे, अक्का’ म्हणायचा. काही लोक मात्र पुन्हा कधीच फिरकले नाहीत, आणि त्याबद्दल तिने कुणाला बोल लावला नाही. पावसाळा संपता संपता देवरेसर चिनूला घेऊन आले. ‘हिला हवंय,’ एवढंच. अक्काने पावावर सॉस ओतला आणि चिनू खात असताना तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. बघवेना.

नव्वदच्या दशकात आमची जळगावला बदली झाली. तिकडे सतीश मोठा झाल्यावर अक्काने गाडी त्याच्या हाती दिली, पण पिंपळनेरची बस यायच्या वेळी ती तिथे जाऊन उभी राहायचीच. पागोटं दिसलं की पुढे व्हायची, चेहरा बघायची, मागे यायची. तो कधी आला नाही.

या होळीनंतर ती माझ्याकडे राहायला आली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायची, मी काम करायची. एका दुपारी बोलता बोलता ती मधेच थांबली. ‘मंदा, हिंग पडना का कोठे?’

माझा हिंग डबीत बंद होता. तेवढ्यात मलाही वास आला. पाटीलवहिनींच्या खिडकीतून, वरणाच्या फोडणीचा. ‘पडलाय, पाटलांकडे,’ मी म्हणाले.

‘बोलू नको.’ तिने खिडकीचा गज धरला, डोळे मिटले. मग ती म्हणाली, ‘गया.’

त्या दिवशी मी घरातला एकेक डबा तिच्या नाकाशी धरला. काही आलं नाही. मी म्हणाले, एकदा आला म्हणजे पुन्हा येईल. ती हसली नाही. ‘इतकी वर्षं काही येत नव्हतं, त्याची सवय झाली होती गं. आता रोज वाट बघत बसायचं का मी?’ धुळ्याला जाताना सतीशला सांगू नको, म्हणाली. म्हणून मी सांगितलं नाही. त्यानंतर तिला वास आला की नाही, मला माहीत नाही.

स्टूल अजून तिथेच आहे, मी हलवलेलं नाही. परवा दुपारी पाटलांकडे फोडणी बसली. हातातलं लाटणं तसंच ठेवून मी उभी राहिले, आणि तो वास पूर्ण विरेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.