अकरा दात्यांची टिकली

माहेरी जायला मला कधी कारण लागत नाही, पण या वेळी कारण स्टीलच्या डबीत घालून, पर्समध्ये ठेवून नेलं. आणि खरं सांगते, प्रवासभर त्या डबीने माझी झोप उडवली.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिथे, अंतर्वेदीला राहते. कामाचं नाव मोठं आहे, पण रोज करते काय तर वाळू चाळते. तिथला किनारा समुद्र दरवर्षी थोडा थोडा गिळतोय. वरच्या धरणांत वाळू अडते, नदी नवी फारशी आणत नाही, आणि आहे तीही लाटा किनाऱ्याने उत्तरेकडे ढकलत नेतात. त्या वाळूबरोबर प्लास्टिकचे बारीक कण कसे सरकतात, कुठे थांबतात, हे मी बघते. आई सगळ्यांना सांगते, "एवढं शिकली अन् आता चाळणी हलवून राह्यली."

तर मार्चमध्ये त्या चाळणीवर प्लास्टिकची एक टिकली राहिली. पेढ्याएवढी गोल, एका बाजूने चंदेरी, दुसरीकडून काळी, कडेला दात्यांचे कातरे. मोजले तर अकरा, त्यातले शेवटचे दोन एकमेकांना चिकटलेले. तसे दाते पाडणारा एकच माणूस मला माहीत आहे. माझे बाबा!

बाबा जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या मिलमध्ये होते. ते सोडून त्यांनी गावी, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला, वेल्डिंगचं दुकान टाकलं. आमचं गाव मिरचीचं. बेडवर चंदेरी-काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरायचा, त्याला भोकं पाडायची आणि भोकात रोप लावायचं. पूर्वी बाया डब्यात निखारे भरून त्या तापल्या डब्याने भोकं पाडायच्या. हात भाजायचे. बाबांनी भंगारातल्या पाइपाचा तुकडा घेतला, त्याला करवतीसारखे दाते पाडले, वर मूठ जोडली. दाबा, फिरवा, झालं भोक, आणि कापलेली गोल टिकली पाइपात. त्याला सगळे पंच म्हणतात. पण बाबांना टेप लावून मोजायचं वावडं! खडूने अंदाजे खुणा करत जातात आणि शेवटचे दोन दाते हमखास दाटीवाटीने बसतात. सगळं गाव त्यांना त्यावरून चिडवतं.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तू घरून मिरच्यांचं पोतं आणतेस. त्यातूनच आली नसेल कशावरून?" रास्त शंका. मधल्या नदीत अशीच टिकली मिळाली तर माझा नमुना थोडा तरी उभा राहणार होता. न मिळाली तर तो कचऱ्यात. आणि मिळाली तर बाबांना सांगायचं कसं? त्या पंचाने बायांचे हात वाचवलेत, गावात त्यांची मान त्याने वर आहे. त्याच पंचाची टिकली मी समुद्रावरून उचलून आणली, हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं माझ्यात धाडस नव्हतं.

नरसापूरहून सकाळी नगरसोलची गाडी धरली की दुसऱ्या सकाळी तुम्ही जालन्यात. स्लीपरला पाचशेच्या आसपास लागतात. डबा सोबत घ्या, गाडीतला भात घशाखाली उतरत नाही. मी गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं आणि चपात्या नेल्या होत्या. समोरच्या बाईंनी निम्म्या खाल्ल्या आणि वर "तिखट कमी आहे" असंही ऐकवलं. परभणीच्या होत्या, त्यामुळे माफ केलं.

जालन्यात स्टेशनबाहेर पोहे खाल्ले आणि भोकरदनची एसटी पकडली. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, आणि मी ते दर वेळी नव्याने श्रीमंत झाल्यासारखं काढते. एप्रिलचं ऊन दहालाच अंगावर येत होतं. राजूरला बस थांबली तेव्हा उसाचा रस घेतला, बर्फाशिवाय. केदारखेड्याला पूर्णा ओलांडताना खाली पाहिलं तर पात्रात वाळूपेक्षा दगड जास्त. माझ्या किनाऱ्यावर न पोचलेली वाळू इथेही दिसत नव्हती. भोकरदनहून जीप घेतली, चाळीस रुपये, आणि मांडीवर कुणाची तरी ढोबळी मिरचीची रोपं.

घरी ज्वारीची भाकरी, पिठलं, लाल मिरचीचा ठेचा. बाबांनी विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, "तीन. उद्या जाफराबादच्या पुलाखालचे नमुने घ्यायचेत." आमच्या ओढ्याचं पाणी तिकडे नदीला लागतं, ती पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. बाबा लगेच म्हणाले, "मंग मी सोडतो की गाडीवर." मला नको होतं, पण नाही कसं म्हणणार?

सकाळी सातला पुलाखाली उतरलो. पाणी डबक्यापुरतं. मी गुडघ्यावर बसून वाळू भरत होते, बाबा बाभळीच्या झुडपांकडे फिरत होते. पुराच्या पाण्याने काट्यांना चिंध्या, पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे अडकवून ठेवले होते. बाबांनी त्यातून काहीतरी काढलं, पँटला पुसलं आणि अंगठ्याने कड चाचपत उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते ते.

"ही माझी हाये," ते म्हणाले.

आता लपवण्यात काय अर्थ होता? मी डबी उघडून पुढे धरली. त्यांनी दोन्ही टिकल्या तळहातावर शेजारी ठेवल्या. दोन्हींचे शेवटचे दोन दाते चिकटलेले.

"अन् ही कुठली?"

"समुद्रावरची, बाबा. माझ्या चाळणीत आल्ती."

"इथून तिथवर? एवढी धरणं असून?"

"वाळू अडते तिथं. ही हलकी, पाण्यासंगं दारातून जात असंल. पण पक्कं न्हाई अजून. माझ्या मिरच्यांच्या पोत्यातूनही आली असंल."

"पोत्यातून आली असंल तर ही काट्यात कशी आली?" ते माझ्यावरच खेकसले. मग दोन्ही टिकल्या उलटसुलट करून पाहिल्या. "मी अजून समुद्र पाह्यला न्हाई," एवढंच म्हणाले. मला रडू आलं. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून नमुन्याच्या बाटलीचं झाकण उगीच करकचून आवळलं.

मला घरी सोडून बाबा थेट दुकानात गेले. दुपारी जेवले नाहीत. आई मला म्हणाली, "काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंस ते बराबर केलंस. जेवतील ते रात्री." जेवले नाहीत. मला वाटलं, एका टिकलीसाठी बापाचं मन मोडलं आपण.

दुसऱ्या दिवशी दुकानातून खणखणाट ऐकून गेले. बाबा भंगाराच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत वाकलेले. शेवटी गंजलेला एक पंच हातात घेऊन वर आले. त्यांनी बनवलेला सगळ्यात पहिला. कडेला दात्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. खडूचा अंदाज तेव्हा उलटा चुकला होता आणि दोन दाते पाडायचेच राहिले होते.

"सुमननं परत केल्ता हा," ते म्हणाले. "म्हणे टिकली तुटतच न्हाई, लोंबती. मंग मी पुढच्याला दाते वाढवले."

म्हणजे लोंबणारी टिकली पेपरलाच राहते, वाहून जात नाही! मग दोघं गाडीवर बसून थेट सुमनकाकूंच्या टोळीकडे गेलो. सुमनकाकू वीस वर्षं मिरचीच्या लावणीत आहेत, त्यांच्या हातावर जुन्या डब्याचे चट्टे अजून आहेत. त्यांनी गंजका पंच पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे खेटर परत आणलं व्हय?"

बाबांनी त्यांना तळहातावरच्या टिकल्या दाखवल्या आणि कुठून आल्या ते सांगितलं. काकूंनी टिकल्यांवर एक नजर टाकली. पदर खोचला, पंच दाबला, फिरवला. टिकली एका बाजूने पेपरला धरून राहिली. काकूंनी ती अंगठ्याने पेपरखाली सरकवली. पुढचं भोक. त्याच्या पुढचं. सरी संपली तेव्हा त्या सवयीने ओढ्याच्या बांधाकडे वळल्या, पाइपात साठलेल्या टिकल्या झटकायला. पाइप उलटा केला. काहीच पडलं नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग बाबांना: "झटकायचा ताप गेला की हो! तेव्हाच सांगायचं न्हाई का?"

"तेव्हा तूच परत आणून टाकला!"

"मंग काय, तुमच्या कामाचा भरवसा होता का?"

बांधावर पाहिलं. वर्षानुवर्षं झटकलेल्या टिकल्यांचा चंदेरी पट्टा थेट ओढ्यापर्यंत गेलेला. टोळीतल्या बाया तिथे बसून पोत्यात भरायला लागल्या, मीही बसले. किती मातीत गेल्या असतील देव जाणे. पण त्या दिवशी तिथे नवी एकही पडली नाही.

निघताना बाबा जालन्याच्या स्टेशनपर्यंत आले. मिरच्यांचं पोतं मी या वेळी नेलं नाही, नमुन्यांवर पुन्हा बोट नको. त्याऐवजी त्यांनी नवा पंच हातात दिला. नऊ दाते आणि दोन दात्यांची जागा मोकळी. या वेळी टेप लावून मोजला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

"समुद्रावर माझी टिकली सापडली तर फोन कर," ते म्हणाले. "अन् न्हाई सापडली तरी कर."

आता अंतर्वेदीच्या खोलीत टेबलावर दोन्ही टिकल्या ठेवल्यात. सर म्हणतात, दोन टिकल्यांनी काही सिद्ध होत नाही, आणखी नमुने लागतील. बरोबरच आहे. ओढ्यात गेलेल्या अजून किती वर्षं वाहत येतील, तेही मला माहीत नाही. पण दर रविवारी मी चाळणी झटकते आणि फोन लावते. परवाही लावला.

"काय मिळालं?"

"काही न्हाई, बाबा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि मागे करवत चालू झाली. "सुमनला अजून सहा पंच पाह्यजेत," ते म्हणाले, "ठेवतो."